कोरडा ट्रॅप

आमच्या वॉशिंग मशीनचा पाइप पहिल्यापासून आवाज करायचा. कपडे धुऊन झाले की मशीन सगळं पाणी एकदम बाहेर फेकतं, ते भिंतीलगतच्या उभ्या पाइपातून खाली जातं, आणि शेवटी घर्र, घर्र, गुळुक. हे स्वतः प्लंबर. गावभर लोकांच्या बाथरूममध्ये हवेचे पाइप बसवत हिंडले, पण स्वतःच्या घरात? "रविवारी करू गं." असे किती रविवार आले आणि पेपर वाचण्यात गेले, विचारू नका.

ह्यांचे कामाचे फोन मीच घ्यायचे, त्यामुळे धंद्यातलं थोडंफार मलाही कळतं. पाइप खाली वाकून पुन्हा वर येतो, त्या वाकणाला ट्रॅप म्हणतात. त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटारीची घाण हवा घरात येऊ देत नाही. पाइपाला वरून हवा मिळाली नाही, तर जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. मग घरघर होते, ट्रॅप कोरडा पडतो, घरात वास सुटतो. इतकं साधं आहे ते.

ह्यांचं हृदय थकलं तेव्हा डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं. छातीत पाणी साठत होतं. आणि माणूस कसला, तर कामावरून आला की तांब्याभर पाणी एका दमात पिऊन "हाऽऽ" करणारा, ते शेजारी ऐकू जायचं. मी प्लास्टिकच्या पेल्यावर लाल नेलपॉलिशने रेघ मारली. तेवढंच द्यायचं. हे लहान मुलासारखे मागायचे, "अगं, एक घोट. तुझ्या पाया पडतो." मी आत जाऊन रडायचे, तोंड धुवायचे आणि रेघेपर्यंतच भरून आणायचे. हे त्याच पेल्यातून गुलाबी औषध घ्यायचे आणि कडेवर ओठांचा गुलाबी अर्धचंद्र उमटवून ठेवायचे. "पुसायला काय होतं हो?" म्हणून मी ओरडायचे. शेवटी शेवटी श्वास घेताना छाती घरघरायची. गेले तेव्हाही ओठ कोरडेच होते.

त्यानंतर पहिल्यांदा मशीन लावलं, आणि ती घरघर ऐकून मी बाथरूमच्या दारात मटकन खाली बसले. तोच आवाज. हुबेहूब. मग काय, मी रोजच मशीन लावायला लागले. धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायच्या आणि आवाज येईपर्यंत स्टुलावर बसून राहायचं. वेड लागलं म्हणा हवं तर. पण तेवढा वेळ मला घरात कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

आणि एका दुपारी मशीन बंद असताना आवाज आला. ह्यांच्या औषधाची वेळ होती.

म्हटलं, शेजाऱ्यांनी पाणी सोडलं असेल. मशीनची पिन काढली, नळी बाजूला केली आणि पाइपात पेलाभर पाणी ओतून ट्रॅप भरला. बॅटरीच्या उजेडात तळाला पाणी चमकताना दिसलं. स्वयंपाक आवरून पुन्हा बघितलं तर कोरडा. पुन्हा भरला, पुन्हा कोरडा. गळती म्हणावी तर खाली ओल नव्हती.

लेक बाळंतपणानंतर बाळाला घेऊन माझ्याकडे राहायला यायची होती. आधी एकटीच घर बघायला आली आणि दारातच तिने नाक दाबलं.

"आई, हा गटारीचा वास आहे! अशा घरात बाळाला आणू? काकाला बोलाव, नाहीतर आम्ही नाही येत बाई."

"मी पाणी ओतते ना रोज."

"पाणी ओतून काय होणार? बाबांचं राहिलेलं काम आहे ते, दुसरं काही नाही," ती म्हणाली आणि तिचेच डोळे भरून आले.

तिचं चुकत नव्हतं. नातवाला मी अजून मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं. पण हवेचा पाइप बसला की तो आवाज कायमचा जाणार, हेही मला पक्कं माहीत होतं. मी फोन लावायचे आणि तिकडून उचलायच्या आत ठेवून द्यायचे. शेवटी भावजींनीच उलटा फोन केला, "वहिनी, काय झालं?"

भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, धंद्यातले जोडीदार. सकाळीच पाइप खांद्यावर टाकून आले. "दादाने स्वतःचं काम शेवटी माझ्याच गळ्यात मारलं," म्हणत हसायला गेले, ते काही जमलं नाही. जुना पाइप काढून नवा पांढरा बसवला. त्याला हवेचा पाइप जोडून थेट छताच्या वर नेला. जुना ट्रॅप त्यांनी उलटसुलट करून पाहिला, तडा नव्हता. तरी तोही बदलला.

"आता थेंब हलायचा नाही," ते म्हणाले आणि घराच्या मागे जाऊन चेंबरचं झाकण उघडून बसले. आतून ओतलेलं पाणी तिथे पोचतं का, ते बघायचं होतं. मध्ये बाथरूमची खिडकी उघडी होती.

"ओता, वहिनी."

माझ्या हाताला आधी तोच पेला लागला. सवयीने रेघेपर्यंत भरला आणि ओतला.

"तेवढं ट्रॅपमध्येच राहील. आणखी ओता."

मगाने ओतत मी बादली रिकामी केली.

"ओतलंत का?"

"अहो, अख्खी बादली ओतली!"

"इथे काहीच आलं नाही."

मी जोड चाचपले. कोरडे. भिंत कोरडी, फरशी कोरडी. दुसरी बादली भरली, तीही ओतली. खिडकीतून भावजी दिसत होते, चेंबरमध्ये डोकं घालून बसलेले.

"नाही," ते हळूच म्हणाले.

मी पाइपाला कान लावला. घरघर नव्हती. गटक, गटक, गटक. मध्ये दम घेण्याइतकं थांबणं. पुन्हा गटक.

मला रडू फुटलं, पण ते भीतीचं नव्हतं.

"वहिनी, थांबा. मी आत येतो."

"येऊ नका, भावजी. तिथेच बसा."

पेला नळाखाली धरला. लाल रेघ पाण्याखाली गेली. मी नळ बंद केला नाही. काठोकाठ भरू दिला.

"घ्या," मी म्हटलं. "आता कोणी अडवत नाही. पोटभर घ्या हो."

ओतला. पुन्हा भरला. पुन्हा ओतला. किती वेळा, मला नाही सांगता यायचं.

मग आतून आवाज आला.

"हाऽऽ."

"आलं!" बाहेर भावजी ओरडले. "आलं, वहिनी! सगळं एकदम आलं!"

मी बॅटरी लावून पाहिलं. ट्रॅपमध्ये पाणी होतं, जरासुद्धा न हलणारं. कान लावला, कितीतरी वेळ लावून ठेवला. काही नाही. आता कधीच काही येणार नव्हतं. मी लेकीला फोन करून सांगितलं, बाळाला घेऊन ये.

मग मशीनची नळी परत अडकवायला गेले. नव्याकोऱ्या पांढऱ्या पाइपाच्या कडेवर गुलाबी अर्धचंद्र उमटला होता.

पुसायला मी फडकं उचललं, आणि तसंच खाली ठेवलं. नुसतं बोट लावून पाहिलं.

अजून ओला होता.