वीतभर उंचीवरची नळी

खोटं वाटेल. वाटू द्या. ज्याच्या बाबतीत हे घडलं त्याने एकदाच सांगितलं, आणि सांगताना तो सारखा गॅरेजच्या शटरकडे बघत होता.

वार मंगळवार. दुपारचे साडेतीन. पेट्रोल पंपामागचं गॅरेज. बाहेर लख्ख ऊन.

त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. हाताला जादू, जिभेला हाड नाही. कोल्ड एअर इनटेक बसवावं तर त्यानेच. इंजिन एरवी बॉनेटखालची तापलेली हवा ओढतं. हा नळी टाकून फिल्टर पुढे बंपरच्या आत न्यायचा. बाहेरची गार हवा मिळाली की गाडीचा पिकअप वाढायचा. बाकीचे फिल्टर उंचावर ठेवतात. हा म्हणायचा, जितका खाली तितकी हवा गार. रस्त्यापासून वीतभरावर लावायचा.

सख्ख्या भावाच्या गाडीलाही तसाच लावला.

"अरे, पाणी जाईल आत," दादा म्हणाला.

"दादा, तू मला शिकवू नकोस."

विसाव्या दिवशी पुलाखाली पाणी साचलं होतं. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं आणि जागच्या जागी बंद पडलं. पाणी चढत गेलं. दारं उघडली नाहीत. दादा आतच गेला.

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. तपासणीचे साहेब यायच्या आत मिस्त्रीने शटर ओढलं, नळी उतरवली, कंपनीचा फिल्टर परत बसवला. रडतही होता आणि पाना फिरवतही होता.

"दादाला जोरात चालवायची खोड होती," तो साहेबांना म्हणाला. वहिनीलाही तेच सांगितलं. तिने विश्वास ठेवला. नवऱ्यासाठी रडायची आणि त्यालाच बोल लावायची. मिस्त्री मान खाली घालून ऐकायचा.

नळी मात्र फेकली नाही. माल चांगला होता ना. वर्षभराने स्वतःच्या गाडीला बसवली. निर्लज्जपणालाही काही सीमा असते.

तर, त्या मंगळवारी बॉनेट उघडं होतं. इंजिन बंद. किल्ली खिशात.

आणि नळीतून आवाज यायला लागला...

हवा ओढल्याचा.

कॉम्प्रेसर असेल म्हणून त्याने बघितलं. तोही बंद होता. फिल्टरसमोर फडकं धरलं... फडकं चिकटलं. तळहात धरला. तोही चिकटला. आता सुटेल, मग सुटेल, म्हणून तो थांबला. नळी नुसती आत ओढत होती. सोडत नव्हती.

हात हिसकून त्याने नळी उपसली. आतून गढूळ पाणी सांडलं. तीन महिने पाऊस नव्हता.

मग नळीच्या आत... थाप. पुन्हा थाप. काचेवर तळहात मारावा तशी.

"काका, कसला आवाज आहे?"

दारात दादाची मुलगी उभी होती. नवी गाडी दाखवायला आली होती. तिलाही ऐकू येत होतं. सांगायचं तर तेव्हाच.

"काही नाही गं."

थापा थांबल्या.

तिने नळी हातात घेतली. "यावरचं फुलपाखरू मीच चिकटवलं होतं. बाबांच्या गाडीची आहे ना? माझ्या गाडीला बसव. आठवण म्हणून."

नको म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. त्याने बसवली. या वेळी उंच, मांडीएवढ्या उंचीवर. तीन बोल्ट आवळले आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते.

पुढे एका दुपारी पाऊस कोसळला. ती गॅरेजकडे यायला निघाली होती. त्याने तिला फोन लावला.

"बोल काका."

पुलाखालून येऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पण ती का म्हणून विचारणार. आणि नळी तर उंच होती.

"काही नाही. सावकाश ये."

फोनमधून हवा ओढल्याचा आवाज येत होता...

संध्याकाळी पुलाखालून तिची गाडी ओढून आणली. नळी रस्त्यापासून वीतभरावर होती. तिन्ही बोल्ट घट्ट. तिन्ही रेघा अखंड.

वहिनी आली. गाडीपाशी उभी राहिली.

"हिलाही जोरात चालवायची खोड होती का हो, भावजी?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. अजूनही सांगता आलं असतं.

"हो," तो म्हणाला.

तेव्हा त्या बंद पडलेल्या गाडीच्या नळीने पहिल्यांदाच श्वास सोडला... लांब, गार. वहिनीच्या कपाळावरचे केस हलले.

वहिनीला त्याने अजून काही सांगितलेलं नाही. मला सांगून मोकळा झाला.

मीही तिला सांगितलेलं नाही. हल्ली माझी गाडी मी घरापासून लांब लावतो.