डावीकडं कललेला फोटो

"हलू नका… श्वास धरा…"

हा आवाज मी लहानपणी ऐकलाय. बाईचा. मऊ, जरा दमलेला. पहाटेपासून जात्यावर बसलेल्या बाईचा असावा तसा.

घरात फोटो काढताना यायचा.

यात भिण्यासारखं काही आहे, हे कळायला मला चौतीस वर्षं लागली.

कुणाच्या मावशीच्या शेजारणीला दिसलेलं मी सांगत नाही. हे माझ्यासोबत झालंय. गेल्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, संभाजीनगरात, गारखेड्याच्या आमच्या घरी. आणि रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते. गच्चीवर लख्ख ऊन होतं.

म्हणून तर जास्त भीती वाटते. अंधार असता तर दिवा लावला असता. उन्हात काय लावणार?

बाबांना, म्हणजे केशवरावांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. मी पुण्यात एकटी. आई इथं एकटी. दिवाळीत ती न्हाणीघरात पडली आणि सकाळपर्यंत तशीच पडून होती. दुधवाल्यानं शेजारच्यांना उठवलं म्हणून वाचली.

मी ठरवलं, आता हिला पुण्याला न्यायचं. घराचा सौदा झाला. ज्यानं घर घेतलं त्याची माणसं आधीच येऊन गच्चीवरची पाण्याची टाकी उतरवून गेली होती. टाकी खाली सोडायला त्यांनी मागचा कठडा फोडला होता.

पण आई निघेना. एकच वाक्य. "मी हे घर सोडणार नाही."

का, ते सांगायची नाही. तांदूळ निवडत एक ओवी गुणगुणायची, तिच्या माहेरची, पिशोरकडची…

*बहीण माझी बाई, उभी उन्हात कवाची*
*सांगायाची राहिली, गोष्ट एका शबुदाची*

मी विचारायचे, कोण बहीण? ती सूप झटकायची.

आवराआवर करताना कपाटात कॅमेरा सापडला. बाबांचा रशियन कॅमेरा. त्यांच्या मित्रानं भिलाईहून आणलेला. विटेसारखा जड. वर न वाचता येणारी अक्षरं. मी त्याच्यावरच फोटो काढायला शिकले. बाबांचा एकच नियम होता… आधी चावी भरायची, मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केलं की कॅमेरा रुसतो.

भिंगाची कडी गच्च बसली होती. आतलं ग्रीस वाळून डिंक झालं होतं. मी तो गुलमंडीच्या बोळात फकिरामामांकडं नेला. घड्याळं, कॅमेरे, काय वाटेल ते दुरुस्त करणारे हे म्हातारे. बाबांच्या ओळखीचे.

त्यांनी तळाचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि हसले. आत सुईनं ओरखडलेला आकडा होता. १२-८७. घड्याळवाले असंच करतात, हात लावला की तारीख टाकून ठेवतात.

"हे माझंच अक्षर," ते म्हणाले. "लई आपटून आला होता हा. आपोआप फोटो काढायची कळ असती ना, तिच्या चाकाचे दात गेले होते. काढून टाकलं मी ते चाक. नवीन मिळायचं नाय म्हणलं. तुमचे वडील म्हणले, राहू द्या. लागत नाही."

मी म्हटलं, तसं नसेल. आमचे तिघांचे किती फोटो आहेत यावर काढलेले. मी तर नव्वद सालची.

मामांनी भिंग खाली ठेवलं.

"मग कुणीतरी काढले असतील ना, बाई."

घरी येऊन मी अल्बम उघडला.

आम्ही तिघं असलेले अकरा फोटो. मकबऱ्यासमोर. सिल्लोडला लग्नात. पण पाच आमच्याच घरातले… माझ्या वाढदिवसाचे, दार लावलेल्या खोलीतले. घरात चौथं माणूस कधीच नव्हतं.

मी ते ओळीनं मांडले. अकराही फोटो डावीकडं कललेले. थोडेसेच. भिंतीवरची तसबीर वाकडी व्हावी इतके.

बाबांनी काढलेले, आई आणि मी असलेले, सगळे सरळ होते.

आणि मग तो आवाज आठवला. "हलू नका… श्वास धरा…" बाबा माझ्या शेजारी उभे असायचे. आई दुसऱ्या बाजूला. आवाज समोरून यायचा.

कॅमेऱ्याच्या मागून…

मी आईला विचारलं, कोण काढायचं हे फोटो? ती अल्बमकडं न बघता म्हणाली, असेल कुणी येणारं-जाणारं. आणि देवघरात जाऊन बसली. दिवा तर सकाळीच लावून झाला होता.

कॅमेरा दुरुस्त होऊन आला. मी नवा रोल भरला. निदान या घरातला आईचा एक फोटो तरी असावा म्हणून तिला वर चल म्हटलं. गच्चीवर ती कधीच जायची नाही. वाळवणंसुद्धा अंगणातच घालायची. त्या दिवशीही आधी नाहीच म्हणाली, मग एकाएकी पदर खोचून माझ्यामागून जिना चढली.

मी तिला जिन्याच्या दाराशी उन्हात उभं केलं. कॅमेरा डोळ्याला लावला.

ज्यांनी असा कॅमेरा पाहिला नाही त्यांना सांगते. बघायच्या खिडकीत मधोमध एक पिवळसर ठिपका असतो. त्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं, एक खरं, एक फिकट. भिंगाची कडी फिरवत दोघांना एकावर एक आणायचं. दोघं एक झाली की फोटो स्पष्ट.

मी कडी फिरवली.

आई एक होईना.

फिकट आई खऱ्या आईपासून वीतभर लांबच. इकडं फिरवली, तिकडं फिरवली. दार जुळत होतं. भिंत जुळत होती. आई जुळत नव्हती.

वाटलं, मामांच्या हातून काही राहिलं. एक पाऊल मागं सरकले.

खाली रिक्षाचा आवाज येत होता. तो थांबला. कबुतरं थांबली…

"अजून थोडं मागं…"

कानाशी. मऊ, दमलेला आवाज.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. लहानपणी निजवताना कुणी पाठीवर हात ठेवावा तसं वाटलं. मी मागं सरकले. फिकट आई जवळ येऊ लागली.

"अजून थोडं…"

आता दोघींत फक्त एक बोट राहिलं होतं. मी पाय उचलला.

"भानूताई!"

आई ओरडली. जन्मात तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

"भानूताई, मागं बघ. कठडा नाही गं मागं."

मी थिजले. टाचेखाली काहीच नव्हतं. फक्त चवडा स्लॅबच्या कडेवर. कॅमेरा हातातून सुटला आणि मी पुढं झेपावले, आईच्या अंगावर. मी तिला घट्ट धरलं.

मागं… खट् झालं.

वळून पाहिलं. कॅमेरा स्लॅबवर पालथा पडला होता, भिंग जमिनीला टेकवून. गच्चीवर कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी आईनं आपणहून लुगडी पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला निघालो.

रोल मीच धुतला, पुण्याच्या घरात, न्हाणीघराच्या दाराच्या फटीला टॉवेल लावून, अंधार करून. गच्चीवरचा एकच फोटो आला होता. त्यात मी आईला धरून उभी आहे. दोघी पायापर्यंत दिसतो. माणसानं उभं राहून काढावा तसा फोटो.

डावीकडं कललेला.

आईसमोर ठेवला. तिनं तो चष्म्याशिवायच ओळखला.

"तिचा हात असाच कलायचा," ती म्हणाली.

मग बोलू लागली, थांबत थांबत. भानुमती तिची मावसबहीण. बाबांची पहिली बायको. हे मला कधी सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. कॅमेऱ्याची हौस तिचीच. सगळ्यांचे फोटो ती काढायची. ती गेली तेव्हा हार घालायला तिचा एक फोटो निघाला नाही घरात.

सत्याऐंशीची वास्तुशांत. आई पिशोरहून ताईला हाताखाली म्हणून आली होती. कठडा बांधायचा राहिला होता. भानूताईनं सगळ्यांना गच्चीवर उभं केलं. माणसं मावेनात, म्हणून ती डोळ्याला कॅमेरा लावून मागं मागं सरकत गेली…

"बाकीच्यांच्या डोळ्यांवर ऊन होतं," आई म्हणाली. "मी कडेला होते, टाकीच्या सावलीत. मला दिसत होतं."

मी विचारलं, मग हाक का नाही मारलीस?

"ती म्हणाली होती ना, हलू नका, श्वास धरा."

मला वाटलं, संपलं. मी फोटो उचलायला गेले. आईनं त्याच्यावर हात ठेवला.

आम्ही दोघीच होतो खोलीत. तरी ती माझ्याकडं बघून बोलली नाही. माझ्या मागं, कपाटावर ठेवलेल्या कॅमेऱ्याकडं बघून बोलली.

"तुझे बाबा तिच्याकडं बघून हसत होते. मला वाटलं… माझ्याकडं बघून असं कुणी कधी हसलं नाही. तेवढाच वेळ गप्प होते मी, ताई. तेवढाच."