काय सोडू, ते सांगा

पुढील प्रसंगात मी पदरचे एक अक्षरही घातलेले नाही. चाळीस वर्षे संस्कृत शिकवले. शब्द तोलून वापरण्याची सवय हाडीमाशी खिळली आहे.

दिवस रविवारचा. वेळ दुपारी चारची. बंद कारखान्यामागचे पटांगण, आणि लख्ख ऊन.

एकसष्टाव्या वर्षी मी मोटारसायकल शिकत होतो.

पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागे. एकदा रिक्षा मिळाली नाही, उशीर झाला, आणि तिचा श्वास माझ्या डोळ्यांदेखत कोंडला. तेव्हा मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून एक जुनी गाडी घेतली. शिकवण्याचेही त्यानेच पत्करले.

"विभक्त्या पाठ करण्याइतकं सोपं नाही हो ते," पत्नी म्हणाली.

मेकॅनिक मागे बसे, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून. बसण्यापूर्वी मात्र तो सीटवर दोनदा थाप मारी.

"सरका."

मी पुढे सरकलो की म्हणे, "तुम्हांला नाही, गुरुजी."

मी तो विनोद समजलो...

पहिल्या दिवशी तो नुसते "सोडा" म्हणाला. मी क्लचऐवजी हँडलच सोडले. दोघेही मातीत. तेव्हा मी त्याला समजावले, की हे क्रियापद सकर्मक आहे. काय सोडायचे ते सांगितल्याविना वाक्य पुरे होत नाही. त्याने कपाळावर हात मारला, पण अट मान्य केली. त्यानंतर तो नेहमी "क्लच सोडा", "ब्रेक सोडा" असेच म्हणे. एकदाही चुकला नाही.

त्या रविवारी त्याने मला प्रथमच एकट्याने चालवायला सांगितले. तो दहा पावलांवर, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी त्याच्यापर्यंत यायचे आणि थांबायचे.

पहिला गिअर पडला होता. क्लच दाबलेला होता. त्याने हात वर केला. अजून थांबा, अशी ती खूण होती.

मागची जागा प्रथमच रिकामी होती.

आणि गाडी... मागून खाली बसली.

कुणीतरी बसल्यावर बसते, तशी.

मग खांद्यांवर दोन हात आले. जड. ओले.

समोर मेकॅनिकचे ओठ मिटलेले होते. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. माझ्या मागे पाहत होता.

कानाशी आवाज आला...

"सोडा."

कर्म नव्हते. तरीही माझी डावी मूठ उघडली. उजवीने भीतीने ॲक्सिलरेटर पिळला. गाडी उसळली.

ब्रेकची दांडी त्याच्या बरगड्यांत रुतली. डोके भिंतीवर आपटले, आणि विटांवरून रक्ताचा ओघळ उतरू लागला. इंजिन बंद होईना. तो घसरत गाडीखाली आला. मागचे चाक गरगर फिरत होते, आणि त्याखाली त्याचा पाय होता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आजही ऐकतो.

मी किल्ली फिरवली तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त येत होते. नजर अजून माझ्या खांद्यामागेच होती.

"गुरुजी... सरकला नाही तो."

एवढेच बोलला. मग गेला.

शिकाऊ चालकाचा हलगर्जीपणा, अशी नोंद झाली. ते खोटे आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मूठ माझीच होती. गाडी भंगारात गेली. मी पुन्हा वाहनाला हात लावला नाही.

काल पत्नीला चाकांच्या खुर्चीत बसवून रुग्णालयाबाहेर आणत होतो. पायऱ्यांशेजारचा लांब उतार. खाली रस्ता, भरधाव ट्रक. खुर्चीच्या दोन्ही मुठी मी घट्ट धरल्या होत्या.

उताराच्या मध्यावर... खांद्यांवर दोन हात आले.

या वेळी आवाज ओळखीचा होता. मेकॅनिकचा. ठरल्याप्रमाणे त्याने कर्मही सांगितले.

"तिला सोडा, गुरुजी."

"का हो थांबलात?" पत्नीने विचारले.

मुठी आवळून, पाऊल पाऊल मागे सरत, मी तिला वर आणले. शेवटी एका अनोळखी माणसाने खुर्ची खाली नेली. बोटे अजून पुरती उघडत नाहीत.

परवा पुन्हा न्यायचे आहे. बाहेर पडायला तो एकच उतार आहे.