अल्मेडाचं अक्षर

१९६३ साली मी एकेचाळीस वर्षांची होते आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅडल फोर्क नावाच्या खाणवस्तीत पोस्टमास्तर हॉबर्ट मलिन्सची दुसरी बायको म्हणून राहत होते. ‘दुसरी’ हा शब्द कुणी तोंडावर म्हणायचं नाही, पण तो ऐकू येईल याची सोय सगळ्याजणी करायच्या.

पहिली अल्मेडा. ती ५६ साली क्षयानं गेली. ती होती तोवर वस्तीत कुणाचं माणूस गेलं की तिचं सांत्वनाचं पत्र जायचं. राखाडी काठाचं पाकीट, जांभळी शाई, खाली लांब ओढलेल्या शेपट्यांची अक्षरं. खाणीच्या गावात अशा पत्रांना खंड नसतो. बाया ती बायबलात जपून ठेवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा तळघरात तिच्या हातचा सफरचंदाचा मुरंबा होता आणि प्रत्येक बरणीवर तेच अक्षर. तो आम्हाला दोन हिवाळे पुरला. चवीला उत्तम होता, त्याचाच मला जास्त राग यायचा.

मीही पत्र लिहून पाहिलं. शेजारच्या ओसी स्टिल्टनरचा नवरा ६१ साली खाणीत छत कोसळून गेला, तेव्हा. ओसी म्हणाली, “छान लिहिलंयस गं कोरा.” पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तर माझं पत्र घेवड्याच्या गरम भांड्याखाली होतं.

मी पोस्टात हॉबर्टच्या हाताखाली टपाल लावायची. खिडकीवर केनेडीचा फोटो होता. पोस्टात राष्ट्राध्यक्षाचा फोटो असायचाच, पण हा लोक येता-जाता बोटानं पुसायचे, कारण कोळशाची धूळ त्यावरही बसायची. निवडणुकीच्या वेळी तो आमच्या जिल्ह्यात फिरला होता, कोळशानं काळ्या झालेल्या हातांशी हात मिळवले होते. निवडून आल्यावर धान्याची पहिली कुपनं आमच्याच जिल्ह्यात आली. त्याची बायको ओढ्यापलीकडे राहते अशा थाटात आमच्या बाया तिच्याबद्दल बोलत. ऑगस्टमध्ये तिचं बाळ दीड दिवसाचं होऊन गेलं, तेव्हा आमच्याकडे चुली उशिरा पेटल्या.

बुधवार, २० नोव्हेंबर. एरवी पेटी हॉबर्ट उघडायचा; त्या सकाळी मी तिच्यातलं टपाल टेबलावर ओतलं. शेगडी पेटायची होती, बोटं गारठली होती. बिलं, कॅटलॉगच्या मागण्या, आणि त्यांच्यात एक राखाडी काठाचं पाकीट. जांभळ्या शाईत राष्ट्राध्यक्षाच्या बायकोचं नाव आणि वॉशिंग्टनचा पत्ता.

मी शाईवर बोट फिरवलं. बोटाला डाग लागला.

मी भोळी नव्हते. बाळासाठी असणार, हे लगेच लक्षात आलं. आणि हॉबर्टनं लिहिलं असणार, तिचं अक्षर गिरवून. सात वर्षं झाली तरी त्याला तिच्याच हातानं लिहावंसं वाटत होतं, तेही देशातल्या सगळ्यात मोठ्या घरी. मी कधी लिहिलं असतं तर त्यानं वर पाहिलं नसतं. मी ते पाकीट एप्रनच्या खिशात घातलं. टपाल अडवणं गुन्हा आहे, हे मला पोस्टातल्या कुणाइतकंच ठाऊक होतं. दोन दिवस ते माझ्या अंगावर होतं आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी रेडिओवरचं गाणं मध्येच तुटलं. डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या होत्या. काही वेळानं केनेडी गेल्याचं सांगितलं. पोस्टात पाच-सहा माणसं होती. ओसी भिंतीला टेकून खाली बसली.

माझा हात खिशाकडे गेला.

लोक गेल्यावर हॉबर्टनं दाराला कडी लावली. त्यानं झेंडा अर्ध्यावर उतरवून ठेवला होता, आणि हात दोरीनं लाल झाले होते.

“बुधवारी टपालात होतं ते पत्र कुठंय, कोरा?”

मी म्हटलं, तू लिहिलेलं ना, हे घे.

“मला चार ओळी लिहिता येत नाहीत, हे तुला माहितीये,” तो म्हणाला. “तिची पत्रं पेटीत येतात. मी शिक्का मारतो, पाठवतो. आजवर एकही अडवलं नव्हतं.”

त्यानं शिक्का घेतला आणि शाई लावून मारला. तारीख शुक्रवारची होती. त्यानं ती बराच वेळ पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी ओसीकडे गेले. तिनं मला बसवलं, कॉफी ओतली आणि सांगितलं. अल्मेडा गेल्यानंतरही वस्तीत अकरा घरी पत्रं आली होती. ओसीला स्वतःला मंगळवारी आलं. नवरा गुरुवारी गेला.

“आणि तू त्याला खाणीत जाऊ दिलंस?”

“मी उघडलंच नाही. अक्षर बघितलं आणि ट्रंकेत ठेवलं.”

“मला कुणी सांगितलं का नाही?”

ओसीनं कप माझ्याकडे सरकवला. “तुला वाईट वाटलं असतं गं. शेवटी तू त्याची बायको.”

त्या आठवड्यात मीही वॉशिंग्टनला पत्र लिहिलं, पाच वेळा फाडून. मार्चमध्ये तिकडून काळ्या काठाचं छापील आभारपत्र आलं. पाकिटावर अल्मेडा मलिन्स असं नाव होतं. हॉबर्टनं ते चुलीवरच्या फळीवर उभं करून ठेवलं. मला काही आलं नाही.

ओसी पुढे मुलीकडे क्लीव्हलंडला गेली, तिथंच वारली. खाण ६९ साली बंद झाली, पोस्ट त्यानंतर. मी अजून त्याच घरात आहे, गुडघे सोडले तर ठणठणीत.

हॉबर्ट ७४ च्या फेब्रुवारीत गेला, एका गुरुवारी. माझ्याकडे सांत्वनाचं पत्र आलं नाही. मी पेटी रोज पाहत होते.

तो जायच्या आधीच्या सोमवारी एक आलं होतं, त्याच अक्षरात, त्याच्या नावाचं. मी अडवलं नाही. त्याच्या हातात दिलं. त्यानं खिडकीशी उभं राहून ते दोनदा वाचलं, आणि मला कधी कळू नये म्हणून शेगडीत टाकलं. बासष्ट वर्षांचा माणूस. वाचताना त्याचे कान लाल झाले होते.