डोकं वेगळं, धड वेगळं

संग्रहपाल बाईंनी पेटी उघडली. टाचणी जागेवर, चिठ्ठ्या जागेवर. पुठ्ठ्याच्या तुकड्यावरचा भुंगेरा मात्र गायब.

तांदळाएवढा, आखूड पंखांचा तो भुंगेरा जगात एकच होता. त्याच्या एकट्याच्या जिवावर विभागप्रमुख सरांनी वीस वर्षांपूर्वी नवी प्रजाती मांडली होती. उद्या बाहेरचे तज्ज्ञ ती तपासायला येणार होते.

दारात सर उभे होते, केव्हापासून कोण जाणे. "चोर घरातलाच आहे. ही प्रजाती खोटी म्हणत फिरणारा आपला विद्यार्थी. हे त्याला काढून टाकायचं पत्र. संग्रह तुमच्या ताब्यात, सही तुमची लागेल."

पत्र टाइप होऊन तयार होतं. पोराचं आयुष्य त्या सहीवर टांगलेलं. बाईंनी त्याला बोलावलं.

"पेटी मागितली होतीस?"

"हो. सरांनी दिली नाही."

"कशाला हवी होती?"

"सरांच्या पुस्तकातल्या चित्रांत प्रत्येक भुंगेरा अखंड काढलाय. ह्याचंच डोकं वेगळं, धड वेगळं. मान काढलेलीच नाही. मला ती बघायची होती."

बाईंनी पुठ्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. भुंगेरा ओरबाडलेला नव्हता, कोमट पाण्याने डिंक भिजवून अलगद सोडवला होता. पुढे एक काळा ठिपका तेवढा चिकटून राहिला होता. डोकं! तेही शेणात सापडणाऱ्या साध्या प्रजातीचं. भोवती नेलपॉलिश चकाकत होतं.

शेजारच्या खोलीत सरांची बायको बसायची. चाळीस वर्षं इथले किडे पुठ्ठ्यावर काकूच चिकटवत. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण आहे?" काकूंनी हातभर अंतरावरूनही विचारलं.

"मीच, काकू. चोराने भुंगेरा टाचणीसकट नेला असता. चिठ्ठ्या हलवायला तुमचा हात धजला नाही. सवयीने डिंक भिजवलात, पण नेलपॉलिश पाण्याने सुटत नाही. डोकं मागे राहिलं, ते तुम्हाला दिसलं नाही."

काकूंना रडू फुटलं. "माझ्याच हातून मूळ डोकं तुटून हरवलं होतं. घाबरून दुसरं चिकटवलं. उद्या ह्यांची छी-थू झाली असती. ह्यांना काही ठाऊक नाही गं!"

सर आणि विद्यार्थी मागोमाग आलेच होते. बाईंनी शेल्फवरचं पुस्तक सरांपुढे उघडलं.

"मग मान का नाही काढलीत, सर? जोड तेव्हाच दिसला होता तुम्हाला. आणि पेटी मी आज उघडली, पत्र त्याआधीच टाइप झालेलं. म्हणजे तुम्ही ती माझ्याआधी पाहिलीत. असा भुंगेरा कोणाचा हात सोडवतो, हे तुम्हाला कळलं नसेल? तरी पत्र पोराच्या नावाचं!"

सरांनी पुस्तक मिटलं. काकू त्यांच्या दिशेने वळल्या.

"अहो, वीस वर्षं मी जीव मुठीत धरून जगले. तुम्हाला माहीत होतं?"

काकूंनी पर्समधून भुंगेऱ्याचं धड ठेवलेली एक काचेची कुपी काढली आणि चाचपडत विद्यार्थ्याच्या हातात ठेवली.

"घे बाळा, तुला बघायचा होता ना?"