चार डिस्कांचं कोठार

नवऱ्याने त्या काळ्या पेटीचं नाव 'कोठार' ठेवलं होतं. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी पेटी, टीव्हीखालच्या फळीवर बसलेली, दिवसभर आपली घुरघुरत असायची. तिच्यात चार मोठ्या डिस्का होत्या आणि मशीन सुरू करण्यापुरती एक छोटी. घरातले एकूणएक फोटो आणि व्हिडिओ तिथे. आपल्या घरची चीज परक्या कंपनीच्या दारात ठेवायची नाही, हे त्याचं ब्रीद होतं. पाहुण्यांना तो ते इतक्या वेळा ऐकवायचा, की जाणकार पाहुणे पेटीकडे बघायचंच टाळायचे.

त्याची बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नवऱ्याच्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळची पाळी करून ती घरी आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरलेला होता. टॉवेलवर चारही डिस्का उताण्या पडलेल्या आणि नवरा रंगाच्या मऊ ब्रशने त्यांची धूळ झाडत बसलेला. वर शीळही घालत होता.

"छोटी मेली होती ना, ती बदलली," तो म्हणाला. "म्हटलं, पेटी उघडलीच आहे तर साफ करून टाकू."

तिने पर्स ठेवली. "कुठली कुठल्या कप्प्यात होती?"

ब्रश थांबला.

"खूण केलीयस ना?"

"क्रम छोट्या डिस्कवर नोंदलेला होता," तो म्हणाला.

"म्हणजे मेलेल्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव न लिहिलेली रक्ताची नळी टेबलावर आली, की पाठवणारा डॉक्टर कितीही मोठा असो, ती फोनवरून त्याला अशी फैलावर घ्यायची, की पुढच्या खेपेला नळीवर नाव दोनदा लिहून यायचं. आणि इथे तिच्याच घरात, तिच्याच टेबलावर, हा दीडशहाणा चार जुळ्या डिस्का एकत्र करून शीळ घालत बसला होता.

बाकी काही गेलं असतं तर ती कदाचित एवढी पेटली नसती. पण त्या डिस्कांवर खारू होती.

खारू त्यांची मुलगी. खारीसारखी सोफ्यावरून कपाटावर चढायची म्हणून खारू. तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा सहा वर्षांची होती आणि पुढचे दोन दात पडलेले होते. तिचा आवाज, तिचं चालणं, तिचं रुसणं, सगळं त्या चार डिस्कांवर होतं आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं. नवऱ्याने एकदा उत्साहाच्या भरात दोघांच्याही फोनमधले फोटो पुसून ते 'हलके' केले होते. कोठार आहे ना, म्हणाला होता.

ती गेली त्या दिवशी खिडक्यांच्या पडद्यांच्या दांड्या आणायच्या होत्या. गाडीत त्या धरायला कोणीतरी सोबत हवं होतं. तिचं डोकं दुखत होतं, तरी ती चप्पल घालत होती. तेवढ्यात खारू म्हणाली, मी जाते. तो एकटाही गेला असता, दांड्या मागे आडव्या टाकता आल्या असत्या. पण खारू गेली. वाटेत त्याच्या फोनवर कोठाराचा निरोप आला, एक डिस्क गरम झाल्याचा. तो वाचायला त्याने एक सेकंद मान खाली घातली आणि गाडी आदळली. हे त्याने स्वतःच पोलिसांना सांगितलं होतं, आणि नंतर तिलाही. त्या एका सेकंदावरून ती तीन वर्षं मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती. तोंडाने कधी भांडली नव्हती. आज तोंड उघडलं.

"एक काम धड करता येतं का तुला? एक! मारलंस तेव्हाही या डबड्यासाठी, आणि आता उरलेलंही..."

"मिळेल," तो म्हणाला. "शपथ. प्रत्येक व्हिडिओचे तुकडे चारही डिस्कांवर विखुरलेत. कुठली डिस्क आधी, कुठली नंतर, एवढंच शोधायचंय. एकेक क्रम लावून बघू. चुकला तर काहीच उघडत नाही, नुसता कचरा दिसतो. आणि फक्त वाचण्यापुरतं उघडलं तर बिघडत काही नाही."

तिने पर्समधून प्रयोगशाळेच्या चिकटपट्ट्या काढल्या आणि चार डिस्कांवर चार रंग डकवले. तांबडा, निळा, पिवळा, हिरवा. नवऱ्याने पेटीला कॉम्प्युटरचा पडदा जोडला, कळफलक मांडीवर घेतला. दुपारचं ऊन टेबलाच्या निम्म्यावर आलं होतं. तिने एकेक डिस्क कप्प्यात सरकवायची, खट् आवाज आला की त्याने मशीन सुरू करायचं, आणि पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांगोळी उमटली की बंद करून पुढचा क्रम. दोघं असं शेजारी बसून काही करत होते, याला किती काळ लोटला होता कोण जाणे. तिला त्याचाही राग आला.

बरेच क्रम कचरा निघाले. मग पिवळी पहिल्या कप्प्यात गेली, तिच्यामागे तांबडी, हिरवी, निळी, आणि पेटीची घुरघुर एकदम मऊ झाली. पडद्यावर ओळखीची नावं आली. फोटो. व्हिडिओ. खारू.

तिच्या तोंडून हुंदकाच फुटला. नवऱ्याने पहिला व्हिडिओ लावला. खारू रांगत होती. दुसऱ्यात पडली आणि रडायचं की हसायचं ते ठरवत होती. तिसऱ्यात पडलेले दात दाखवत होती. बायकोचा राग त्या क्षणी कुठल्या कुठे गेला होता. ती नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

"पुढचा लाव," ती म्हणाली.

पुढचा नसायला हवा होता. पण यादी खाली खाली जातच होती. तारखा गेल्या वर्षीच्या होत्या. या वर्षीच्या. शेवटची आज सकाळची.

"तारखा बिघडल्यात," नवरा म्हणाला आणि त्याने शेवटचा व्हिडिओ उघडला.

हेच टेबल होतं. टेबलाशी एक मुलगी बसली होती, नऊएक वर्षांची, चष्मा लावलेली. पुढचे दात आले होते, जरा मोठेच. केस कोणीतरी घरीच वेडेवाकडे कापलेले. मागे फ्रिजवर प्रयोगशाळेच्या ओळखपत्रातला तिचा, आईचा, फोटो मोठा करून लावलेला होता.

"कॅमेरा बंद कर," मुलगी म्हणाली.

"एक सेकंद फक्त," कॅमेऱ्यामागून नवऱ्याचा आवाज आला.

"तेव्हापण एकच सेकंद होता ना? गाडीत आई बाजूला बसलेली असताना?" खारूने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. तिच्या डोळ्यांत जो राग होता, तो तिच्या आईने आरशात रोज पाहिलेला होता. "मला तुझ्याशी बोलायचंच नाहीये, बाबा."

व्हिडिओ संपला.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

नवरा पडद्याकडे बघत राहिला.

"अरे, मी काहीतरी विचारतेय. बहिरा झालास का?"

त्याने मान वर केली, पण तिच्याकडे नाही. तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता. आत कोणीतरी ड्रॉवर उघडला आणि आपटून बंद केला.

"खारू?" नवरा हळूच म्हणाला.

"काय आहे?" आतून आवाज आला. वैतागलेला, मोठ्या झालेल्या मुलीचा.

ती ताडकन उठली. तिने नवऱ्याचा दंड धरला. गार वारा लागावा तशी त्याने कॉलर गळ्याशी ओढली आणि तो उठून आत गेला, तिच्या इतक्या जवळून, की तिला बाजूला व्हावं लागलं. ती त्याच्यामागे दारापर्यंत धावली. आत अभ्यासाच्या टेबलाशी पाठमोरी खारू बसली होती. मान जराशी वाकडी करून लिहीत होती, तशीच, लहानपणी चित्र काढताना करायची तशी.

"खारू! अगं, आई!"

कोणीही वळलं नाही. नवऱ्याने खारूच्या खुर्चीशी गुडघे टेकले होते आणि तो रडत होता. त्या दोघांच्या खोलीत ती नव्हती. तीन वर्षं जी आग तिने दाबून धरली होती, ती अशी उसळली, की तिला पुढचं काही सुचलं नाही. याने मारायचं, आणि यालाच परत मिळायची? ती उलटी फिरली, जेवणाच्या टेबलापाशी आली आणि तिने पेटीची वायर हिसडून काढली.

आतली खोली गप्प झाली.

नवरा दारात आला. कोरड्या ओठांनी त्याने विचारलं, "तू कुठे गेली होतीस?"

"इथेच होते. तुझ्या नाकासमोर."

"ती आत होती. माझ्याशी बोलत होती. कोणी बंद केलं?"

"मी."

आयुष्यात आवाज न चढवणारा माणूस तिच्यावर असा ओरडला, की खिडकीची काच थरथरली. मग त्याने वायर उचलली. "परत तोच क्रम. कप्पे हलवू नकोस. सगळं जागच्या जागी आहे."

"आणि मी?"

तो वायर हातात धरून उभा राहिला.

"त्या घरात मी फक्त फ्रिजवरच्या फोटोत आहे," ती म्हणाली. "बोल ना. आणि मी?"

तिने उत्तराची वाट पाहिली. तो काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं, कारण तिलाही तेच म्हणावंसं वाटलं असतं. पण आपल्याला वाटणं वेगळं आणि त्याच्या तोंडावर ते दिसणं वेगळं. तिने चारही डिस्का एकामागून एक उपसून टॉवेलवर आपटल्या. वीज नव्हती म्हणून वाचल्या. आपण काय काय बोललो हे तिला पुढे सांगता आलं नसतं. जे तीन वर्षं बोलली नव्हती, ते सगळं. तिचा आवाज फाटत गेला.

नवरा खुर्चीत बसला. त्याने हिरवी डिस्क उचलली आणि तिच्यावरची चिकटपट्टी नखाने नीट बसवली.

"असाही एक क्रम असेल यात," तो म्हणाला. "मी एकटा गेलेलो. तुम्ही दोघी घरी."

ती श्वास घ्यायला थांबली.

तो डिस्का लावू लागला. हळूहळू, तिच्याकडे न बघता. पहिला क्रम कचरा निघाला. दुसराही. 'नको' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. टेबलाशी ती खुर्ची होती, थोडी तिरकी. तिने तो शब्द गिळला.

"मग त्याच दिवशी का नाही गेलास एकटा?" त्याऐवजी ती ओरडली. "सुचलं नाही? दोन दांड्या आणायला कोण लागतं सोबत?"

हिरवी पहिल्या कप्प्यात गेली. खट्.

"आत्ता शहाणपण सुचतंय!"

निळी. पिवळी. खट्. खट्.

"तिला एवढंच सांग," नवरा म्हणाला. तांबडी डिस्क त्याने अंगठ्याने शेवटपर्यंत दाबली आणि बटण चालू केलं. "सांग, की बाबा..."

"मी काही सांगणार नाही! तूच सांग! तुझ्या तोंडाने सांग तिला, की..."

पेटीची घुरघुर मऊ झाली.

"...की एक सेकंद, एक सेकंद तुला..."

आत खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली. चष्मा कपाळावर सरकवून, पेन्सिल दातांत धरून खारू उभी होती. तिने जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, कोणाशी भांडतेयस एवढी?"

ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. तिला सांगता येईना. घसा मात्र ओरडून ओरडून पार बसला होता.