डाव्या स्पीकरमधली गुरगुर

उजव्या स्पीकरमधून एक लहान मुलगी उत्तरं देत होती आणि तिला प्रश्न मात्र कोणीच विचारत नव्हतं.

"दगड गोळा करीन," ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प. "मग तुला हाक मारीन." पुन्हा गप्प. डाव्या स्पीकरमधून नुसती गुरगुर चालली होती, शेजारी पिठाची गिरणी सुरू असावी तशी. टीव्हीचा पडदा काळाठिक्कर.

अण्णांनी हात वर केला आणि त्यांच्या नातीने, शर्वरीने, घाईघाईने डिस्क थांबवली. एक मिनिट वाया गेलं होतं. उरलेली मिनिटं मोजूनमापून होती, म्हणून तिघंही हिरमुसले. म्हणजे दोघं हिरमुसले. तिसरा ठोकळा, तो यंत्रमानव होता. त्याला हिरमुसता येत नसे, पण तो मान खाली घालायला शिकला होता.

बार्शीत विलासअण्णा घोडके म्हटलं की म्हातारी माणसं अजूनही विचारतात, "केबलवाले ना?" केबल म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. चाळीस वर्षांपूर्वी घरोघरी टीव्हीचे कार्यक्रम एका जाड वायरमधून यायचे. ती वायर आधी सेट टॉप बॉक्समध्ये (वायरमधून आलेला कार्यक्रम उलगडून टीव्हीला देणारी पेटी) शिरायची आणि तिथून पुढे टीव्हीत. या वायरी गावभर खांबाखांबांवरून ओढायचं काम अण्णांचं. आता भिंतीच चित्रं दाखवतात, वायर कुठे दिसत नाही, आणि अण्णा माळ्यावरचं जुनं सामान कुणाला टाकू देत नाहीत.

त्या सामानात हा सेट टॉप बॉक्स होता आणि त्याला जोडलेली एक छोटी डिस्क. तिच्यात 'बालगप्पा' या कार्यक्रमाचा एकच भाग उरला होता. अण्णांच्या गावातल्या वाहिनीवर तो कार्यक्रम शर्वरीची आजी, वैजयंताआजी, करायची. एका मुलाला समोर बसवायचं, प्रश्न विचारायचे आणि भरपूर हसायचं, एवढाच कार्यक्रम. या भागात समोर बसलेली मुलगी म्हणजे शर्वरीची आई, केतकी, वय वर्षं आठ. पुढे दोन वर्षांनी आजी वारली. तिचे फोटो राहिले, पण आवाज दुसरीकडे कुठेच राहिला नाही.

शर्वरीची आई आता भूशास्त्रज्ञ होती आणि उद्या सकाळी दीड वर्षासाठी चंद्रावरच्या तळावर निघणार होती. आज संध्याकाळी सहाला तिचा निघण्याआधीचा घरच्यांशी शेवटचा फोन. तिने शर्वरीकडे एकच गोष्ट मागितली होती. "मला माझ्या आईचा आवाज जाताना बरोबर न्यायचाय." शर्वरीने हो म्हटलं होतं. अकरा वर्षांच्या माणसाने दिलेला शब्द मोडायचा नसतो, असं तिचं स्पष्ट मत होतं.

अडचणी दोन होत्या. पहिली म्हणजे डिस्कमधला कार्यक्रम कुलूपबंद होता आणि त्याची किल्ली याच बॉक्सच्या पोटात होती. म्हणून तो याच बॉक्समधून, याच जुन्या वायरींमधून बाहेर काढायचा आणि ठोकळ्याने तो आपल्या डोळ्याकानांनी टिपून घ्यायचा. दुसरी अडचण म्हणजे डिस्क खरखरायला लागली होती. दुरुस्तीवाल्या बाईंनी ती कानाला लावून सांगितलं होतं की दहा मिनिटं चालली तर नशीब समजा. कार्यक्रम साडेसहा मिनिटांचा होता.

"जोडणी मी बरोबर केली आहे," ठोकळा म्हणाला. "पिवळी पिन पिवळ्या सॉकेटमध्ये, पांढरी पांढऱ्यात, लाल लालमध्ये." त्याचं नाव शर्वरीनेच ठेवलं होतं आणि तो दिसायलाही तसाच होता. कामाला वाघ. पण आपलं बरोबर आहे असं एकदा वाटलं की ब्रह्मदेव आला तरी तो मागे हटायचा नाही.

शर्वरीने अण्णांना विचारलं की एका बॉक्सला तीन तीन वायरी कशाला. अण्णा खुलले. हा प्रश्न त्यांना वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

त्यांनी सांगितलं ते असं. आपण बोलतो तेव्हा हवा थरथरते. माइक ती थरथर विजेच्या थरथरीत बदलतो. या थरथरीला म्हणायचं सिग्नल (वायरमधून जाणारा विजेचा निरोप). तो स्पीकरपर्यंत पोचला की स्पीकरचा पडदा तसाच थरथरतो, हवा हलते आणि आपल्याला बोलणं ऐकू येतं. चित्राचंही तसंच, फक्त काम जास्त बारीक. कॅमेरा समोरच्या दृश्याच्या आडव्या रेघा करतो, रेघेत कुठे उजेड आणि कुठे अंधार हे विजेच्या थरथरीत सांगतो, आणि टीव्ही त्या रेघा वरून खाली पुन्हा रंगवतो. सेकंदाला पन्नास वेळा.

"म्हणून चित्राची वायर वेगळी, पिवळी. ती टीव्हीला. पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. त्या दोन्ही होम थिएटरला, म्हणजे या दोन स्पीकरवाल्या यंत्राला. आणि एक कायम ध्यानात ठेवायचं. बॉक्समधून सिग्नल बाहेर पडतो, टीव्हीत आत शिरतो. बाहेर पडायचं सॉकेट वेगळं, आत शिरायचं वेगळं. नळाला बादली लावायची, बादलीला नळ नाही."

मग अण्णांचा आवाज बारीक झाला. कार्यक्रमाला माइक दोन असायचे. एक आजीच्या पदराला, एक मुलाच्या सदऱ्याला. आजीचा माइक अण्णांनी डावीकडे जोडलेला असायचा आणि मुलाचा उजवीकडे. म्हणजे उजवीकडून केतकी बोलत होती, ते ठीकच होतं. पण डावीकडे आजी असायला हवी होती आणि तिथे गुरगुर होती.

"डिस्कवरचा तेवढाच भाग खराब झाला असंल," अण्णा म्हणाले. "वैजूचा आवाज गेला, शरू. केतकीला सांगून टाकू."

त्यांनी चष्मा काढून पुसला. आजोबांना रडताना शर्वरीने कधी पाहिलं नव्हतं आणि आजही पाहायचं नव्हतं, म्हणून ती स्पीकरकडे बघत बसली.

स्पीकर अजून गुरगुरतच होता.

तिने डिस्ककडे पाहिलं. डिस्क बंद होती. मघाशी तिनेच थांबवली होती. उजवा स्पीकर त्याच क्षणी गप्प झाला होता. मग डाव्याला काय झालं होतं?

"अण्णा, डिस्क थांबलीय, तरी हे चालूच आहे. म्हणजे ही गुरगुर डिस्कवरची नाहीच."

अण्णांनी चष्मा परत लावला. ते म्हणाले, मग विजेची घरघर असेल, जुनी यंत्रं करतात तशी. शर्वरीला ते पटलं नाही. तिने बॉक्सच्या पुढचं एक बटण दाबलं. त्या बटणाने पडद्यावर वाहिन्यांची यादी यायची, असं अण्णांनी सकाळी सांगितलं होतं. पडदा काळाच राहिला, पण गुरगुर बदलली. जरा चिरकी झाली. तिने पुन्हा दाबलं आणि गुरगुर पहिल्यासारखी झाली. तिसऱ्यांदा दाबलं, पुन्हा चिरकी.

ठोकळ्याने कान टवकारले, म्हणजे त्याच्या डोक्यावरची टोपी फिरली. त्याने मोजून सांगितलं की ही गुरगुर सेकंदाला पन्नास वेळा तोच झटका देते आहे.

शर्वरीने मनात जुळवून पाहिलं. बटणाने पडद्यावरचं चित्र बदलायला हवं होतं. बदलत होता आवाज. पन्नास वेळा रंगवतो तो टीव्ही.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "हे चित्र आहे. आपण चित्र ऐकतोय."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. स्पीकरला बिचाऱ्याला काय कळतं? जी थरथर येईल तिच्यासारखा तो थरथरणार. चित्राची थरथर त्याला दिली तर तो ती चित्रं गुरगुरून दाखवणार. आणि टीव्हीला आवाजाची थरथर दिली तर त्यात त्याला रेघ कुठे सुरू होते याची खूण सापडणार नाही, म्हणून तो काळं तोंड करून बसणार. चोर सापडला होता. चित्राची आणि डाव्या आवाजाची अदलाबदल झाली होती.

"अशक्य," ठोकळा म्हणाला. "पिवळी पिन पिवळ्या सॉकेटमध्येच आहे. रंग मी तीनदा मोजला."

शर्वरीने बॉक्स उलटा केला. सॉकेटजवळची अक्षरं कधीच पुसून गेली होती. ज्याला ठोकळा पांढरं सॉकेट म्हणत होता ते तिने भिंगाखाली धरलं. त्याच्या कडेला पिवळ्या प्लास्टिकचा इवलासा कपचा उरला होता. बाकीचं पिवळं कडं कधीतरी तुटून गेलं होतं आणि आतलं फिकट प्लास्टिक उघडं पडलं होतं. म्हणजे हे मूळचं पिवळं. मग आता पिवळं दिसतंय ते कोण? तिने त्यावर नख घासलं, तर नखावर पिवळी पूड आली.

तिने बोटाला साबणाचं पाणी लावलं. पूड लालसर झाली. शाळेत हा प्रयोग तिने केला होता. साबणाने लाल होणारी पिवळी पूड तिला एकच माहीत होती.

"हळद," ती म्हणाली. "अण्णा, याला हळद कोणी लावली?"

अण्णांनी बॉक्स हातात घेतला. दर दसऱ्याला घरातल्या अवजारांची पूजा असायची. सुताराने करवतीची करावी, शेतकऱ्याने नांगराची, तशी वैजयंताआजी केबलच्या सामानाची करायची. पक्कड, शिडी, वायरीचं भेंडोळं, सगळं पुसून ओळीने मांडायची. पुढचे दिवे आणि बटणं खराब होतील म्हणून बॉक्सला मागच्या बाजूला हळदकुंकू. मधल्या सॉकेटला हळदीचं बोट, शेजारच्याला कुंकवाचं. सात-आठ दसरे. मग बॉक्स फडक्यात गुंडाळून अंधारात पडून राहिला आणि हळद प्लास्टिकमध्ये मुरली.

"मी तिला म्हणायचो, मागं लावू नको, काहीतरी घोळ होईल," अण्णा म्हणाले. "ती म्हणायची, लक्ष्मी पुढनं येती का मागनं, तुम्हाला काय ठाव?"

आणि ते हसले. डोळे पुसत हसले, लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

पाच वाजायला आले होते. शर्वरीने दोन पिना काढून एकमेकींच्या जागी बसवल्या. पिवळी फिकट सॉकेटमध्ये, पांढरी हळदीच्या सॉकेटमध्ये. ठोकळ्याने तत्त्वाला धरून एकदा नापसंती नोंदवली आणि डोळे, कान उघडून टिपायला सज्ज झाला. शर्वरीने डिस्क सुरू केली.

पडदा उजळला. हिरव्या साडीतली एक बाई, पदराला माइक, कपाळाला मोठं कुंकू. समोर दोन वेण्यांची मुलगी, पाय हलवत बसलेली. आणि डाव्या स्पीकरमधून, चाळीस वर्षं वाट बघून थकला नसावा असा, एक भरदार आवाज आला.

"केतकीबाई चंद्रावर जाणार म्हणं. तिथं जाऊन करणार काय?"

"दगड गोळा करीन."

"आणि माझी आठवण आली तर?"

"मग तुला हाक मारीन."

"अगं, तिथं हवाच नाही. हवा नाही तर हाक पोचायची कशी?"

मुलीने विचार केला. पाय हलवायचे थांबले. "मग अण्णांकडून वायर ओढून घेईन."

आजी खळखळून हसली. "घे की. मी इकडचं टोक धरून बसते."

अण्णांनी हा भाग कधी पाहिलाच नव्हता. कार्यक्रमाच्या वेळी ते कुठल्यातरी खांबावर असायचे. साऱ्या गावाला टीव्ही दाखवणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोचा कार्यक्रम आज पहिल्यांदा पाहिला. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं असताना डिस्कने कट्ट असा आवाज केला आणि ती कायमची थांबली. पण ठोकळ्याने तोवरचं सगळं टिपलं होतं.

सहा वाजता आईचा फोन आला. ठोकळ्याने टिपलेलं सगळं तिला ऐकवलं. संपल्यावर तिने नाक ओढलं आणि अण्णांना विचारलं की वायर ओढली का. अण्णा चष्मा पुसायला लागले, म्हणून शर्वरीने उत्तर दिलं.

"आता वायर लागत नाही, आई. तुझा आवाज थरथर होऊन वायरीशिवायच येईल, सव्वा सेकंदात. पण इकडचं टोक मी धरलंय."

त्या वर्षी दसऱ्याला शर्वरीने सगळं सामान पुसून मांडलं. बॉक्सच्या मागे तिने तीन चिठ्ठ्या चिकटवल्या: चित्र, डावा, उजवा. सॉकेटवरची जुनी हळद तिने धुतली नाही. नवी मात्र झाकणावर लावली, आणि एक बोट ठोकळ्याच्या कपाळावर. त्याने हळदीचा रंग मोजला आणि या वेळी काही मत दिलं नाही.

दुपारी चंद्रावरून फोन लागला. तिकडे काय चाललंय, असं शर्वरीने विचारलं. सव्वा सेकंद प्रश्न जायला, सव्वा सेकंद उत्तर यायला. तिने अडीच सेकंद मनात मोजले. अण्णा स्पीकरला कान लावून बसले होते.

"दगड गोळा करतेय," आई म्हणाली.